खनिज गेले, हप्ते राहिले

गोव्यात सावर्डे-कुडचड्याला सगळे खाणींचे गाव म्हणतात, पण खुद्द गावात खाण नाही. खाणी आहेत त्या आत, कोडली, कळे, रिवण, सांग्याच्या बाजूला. सावर्ड्याच्या वाट्याला आले ते रस्ते, रेल्वे स्टेशन आणि जुवारीच्या वरच्या अंगाला असलेले खनिजाचे धक्के. आतून निघालेला लाल माल ट्रकांतून इथे यायचा, धक्क्यावर ओतला जायचा, भरतीची वेळ साधून बार्जमध्ये चढायचा आणि नदीने मुरगावच्या बंदरात जाऊन परदेशी जहाजात पडायचा. सगळे गाव अर्धशतकाहून अधिक काळ या वाहतुकीवर जगले. या गावाच्या आजच्या अडचणीचे मूळ मला याच गोष्टीत दिसते. खाणबंदीवर गोव्यात गेली तेरा-चौदा वर्षे जो वाद चालू आहे, त्याच्या एका टोकाला पर्यावरण असते आणि दुसऱ्या टोकाला रोजगार. खनिजाच्या या धंद्यात कोणाचे काय पणाला लागले होते, याचा हिशेब दोन्ही बाजू मांडत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की या धंद्याने नफा वर ठेवला आणि जोखीम खाली वाटली. ती वाटून घेणारे गाव सावर्ड्यासारखे होते.

गाव तसे जुने. नदीच्या एका काठाला सावर्डे, दुसऱ्या काठाला कुडचडे, मध्ये पूल. पोर्तुगीज काळात १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटाकडे रेल्वे नेली तेव्हा हे स्टेशन झाले, आणि आतल्या गावांचा व्यापार इथे उतरू लागला. लोखंडाचा जमाना त्यानंतर बराच उशिरा आला. पोर्तुगीजांनी १९०६ साली वसाहतींसाठी खाणींचा कायदा केला होता. ज्याला खनिज सापडले त्याने नोंद करावी आणि सरकारकडून सवलतपत्र घ्यावे, अशी त्याची रीत, आणि ही सवलत जवळपास कायमची. गोवा मुक्त होईपर्यंत अशी सातशेहून अधिक सवलतपत्रे वाटली गेली होती. पण माल खऱ्या अर्थाने बाहेर जाऊ लागला तो १९४७ नंतर. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला पोलाद हवे होते आणि गोव्याची खाण नदीपासून जवळ, नदी बंदरापासून जवळ. सुरुवातीला कुदळी-पाट्यांनी खणून, बायाबापड्यांच्या डोक्यावरून वाहून नेलेले खनिज पन्नासच्या दशकात यंत्रांनी निघू लागले. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती त्या काळात तिथला कारभार या लाल मातीने तगवला.

१९६१ ला पोर्तुगीज गेले, सवलतपत्रे राहिली. जमिनीखालचे धन जनतेचे, हे भारतातले तत्त्व गोव्याच्या खाणींना लागू करायला १९८७ चा कायदा यावा लागला. त्याने सवलती रद्द करून त्यांचे पट्टे केले आणि अंमल मागे नेऊन २० डिसेंबर १९६१ पासून धरला. मधल्या सव्वीस वर्षांत ज्या घराण्यांकडे सवलती होत्या, ती गोव्याची उद्योगपती घराणी झाली होती.

इथे मराठी वाचकाने स्वतःकडेही पाहायला हवे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे खाणमालक होते. बहुजन समाजाची पोरे ज्या मराठी शाळांत शिकली, त्या त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव निघाल्या. 'गोमन्तक' हे दैनिक १९६२ साली चौगुल्यांनी काढले, १९७० साली 'नवप्रभा' धेंपो समूहातून आले. गोव्यातल्या मराठी वाचनाची, नाटकांची, साहित्य संमेलनांची कितीतरी व्यवस्था खनिजाच्या पैशावर उभी राहिली. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्या पैशातून जे झाले त्यातले बरेच चांगले झाले, आणि ज्यांना पोर्तुगीज राजवटीत अक्षर मिळाले नव्हते त्यांना ते मिळाले. पण आपल्या संस्था ज्या धनावर उभ्या होत्या, ते धन कोणाच्या मालकीचे होते आणि ते संपल्यावर काय, हा प्रश्न आपण मराठी लिहिणाऱ्यांनी फार उशिरा विचारला.

आता सावर्ड्याचा रोजचा दिवस. पहाटे अंधारातच ट्रकांची इंजिने सुरू व्हायची. भाडे ट्रिपवर मिळायचे, म्हणून दिवसात जितक्या ट्रिपा जास्त तितके बरे. त्यामुळे पहिली ट्रिप पकडायची घाई, मग दुसरी लवकर संपवायची घाई, आणि त्या घाईत शाळेला जाणारी पोरे, सायकलवाले, स्कूटरवाले. रस्त्यावर माणसे मेली. ती एक-दोन नव्हती, म्हणून खाणींच्या ट्रकांसाठी वेगळा बायपास हवा ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. पाण्याचे टँकर रस्ता भिजवत पुढे जायचे, मागून येणारे ट्रक तो चिखल पुन्हा धूळ करायचे. रस्त्याकाठच्या घरातली बाई दिवसातून तीनदा बलकांव, म्हणजे घरापुढचा ओटा, पुसायची. वाळत घातलेले कपडे आत घेताना ते पुन्हा झटकायचे. तुळशीची पाने, केळीची पाने, छपराची कौले, सगळ्याला एकच रंग. कर्नाटकातला मालही एके काळी रेल्वेने कुडचड्याच्या यार्डात उतरायचा आणि तिथून पुन्हा ट्रकांत भरला जायचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातली धूळही याच गावाने खाल्ली.

आणि तरी गाव तक्रार फारशी करत नव्हते. हा भाग बाहेरच्या माणसाला समजत नाही. पर्यावरणाच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा असे लिहितात की लोक अडाणी होते किंवा विकले गेले होते. तसे काही नव्हते. रस्त्यावरच्या ट्रकांतला एक ट्रक त्याच घराचा असायचा. नसला तर दिराचा, मावशीच्या जावयाचा. कोणाचे टायरचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणाचे वेल्डिंग. कोणाची ड्रायव्हरांना भाड्याने दिलेली खोली, कोणाचे चहा आणि पावभाजीचे हॉटेल. धूळ आणि धंदा एकाच दारातून घरात येत होते. ज्याच्या विरुद्ध बोलायचे तो स्वतःच्याच पंगतीत बसलेला, अशा गावात बोलणे सोपे नसते.

ट्रकवाल्याचा हिशेब जवळून पाहावा असा आहे. खाणीच्या काट्यावर वजन झाले की पावती मिळायची. त्या पावत्या घराच्या भिंतीवरच्या खिळ्याला एकावर एक टोचून ठेवलेल्या. पंधरवड्याने किंवा महिन्याने त्या मोजून बिल व्हायचे. बिलातून डिझेल वजा, ड्रायव्हरचा ट्रिपमागचा पैसा वजा, टायर, ग्रीस, विमा, कर वजा, आणि मग बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता. उरेल ते घरचे. डिझेल वाढले की भाडेदरासाठी संप व्हायचा, चार-दोन रुपये वाढायचे, पुन्हा काम सुरू. बाजारात लोहखनिजाचा भाव दुप्पट झाला म्हणून ट्रिपचे भाडे दुप्पट झाले, असे कधी झाले नाही. मात्र बाजार पडला तर ट्रिपा कमी होत, आणि हप्ता तसाच राही. या एका कागदी व्यवहारात सगळा धंदा दिसतो. भाव चढला तर त्याचा लाभ पट्टेदाराला, भाव पडला तर त्याचा फटका सगळ्यांत आधी ट्रकवाल्याला.

सरकारचे तरी काय? लोहखनिजावरची रॉयल्टी २००९ च्या ऑगस्टपर्यंत टनामागे ठरावीक रुपयांत होती. चीनने माल उचलायला सुरुवात केली, गोव्याचे कमी प्रतीचे खनिजसुद्धा खपू लागले, जगाच्या बाजारात चांगल्या प्रतीचा भाव टनाला शंभर डॉलरच्या पुढे गेला, तरी जनतेच्या नावाने सरकारला टनामागे मिळत होते काही थोडे रुपये. पुढे रॉयल्टी किमतीच्या दहा टक्के झाली. पण तोवर उधाणाची बरीच वर्षे निघून गेली होती. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले, त्यात काही कर्नाटकचेही होते. एवढ्याशा राज्याच्या नद्यांतून, एवढ्याशा रस्त्यांवरून.

या वर्षांत सावर्ड्यात ट्रक घेणे ही घरची मोठी घटना झाली. ज्याच्याकडे एक होता त्याने दुसरा घेतला. शेती पडीक टाकून, सोने गहाण ठेवून, घर तारण देऊन घेतला. दसऱ्याला नव्या टिप्परला झेंडूची माळ घालून नारळ फोडला. बँका मागे लागून कर्ज देत होत्या. आरटीओ नोंदणी करत होते, सरकार रॉयल्टी घेत होते, कस्टम्स माल सोडत होते. सगळ्यांच्या सह्या, सगळ्यांचे शिक्के.

मग न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत आला. बेकायदा उत्खननाने सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता. १० सप्टेंबरला मनोहर पर्रीकर सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. खाणींचा हंगाम पाऊस संपल्यावर, चवथ झाल्यावर सुरू होतो. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती. म्हणजे पावसाळाभर उभे असलेले ट्रक दुरुस्त करून, रंगवून, टायर बदलून झाले होते, खर्च होऊन गेला होता आणि उत्पन्न सुरू व्हायच्या तोंडावर ते थांबले. ज्यांनी हे सोसले त्यांना कोणत्या दिवशी काय झाले ते आजही सांगता येते.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की गोव्याच्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमच्या निधीत ठेवायला सांगितली. निकाल योग्य होता, असे माझे मत आहे. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने ज्या चिकाटीने हा खटला लढवला ती नसती तर पट्टे असेच वारसाहक्काने चालत राहिले असते. पण निकालाचा अर्थ सावर्ड्याच्या घरात काय झाला? २००८ ला घेतलेला ट्रक बेकायदा माल वाहत होता. ज्याने तो घेतला त्याला हे कोणी सांगितले नव्हते. ज्यांना माहीत असायला हवे होते त्या बँका, खाती, मंत्री, पट्टेदार यांतल्या कोणाच्या घराला कुलूप लागले नाही. न्यायालयासमोर पट्ट्यांचा प्रश्न होता, ट्रकच्या कर्जाचा नव्हता. त्यामुळे निकालात ते कर्ज कुठेच आले नाही. पुढे सरकारने खाणअवलंबितांसाठी मदत आणि कर्जतडजोडीच्या योजना काढल्या. त्यांनी काही घरे सावरली हे खरे. तरी ती कृपा होती. हक्क म्हणून ट्रकवाल्याच्या हातात काहीच नव्हते.

त्यातून गाव शिकले असते, पण २०१४-१५ मध्ये ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण झाले आणि सगळ्यांना वाटले की गाडी रुळावर आली. पुन्हा टायर, पुन्हा कर्ज. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नूतनीकरणही रद्द केले आणि १६ मार्चपासून काम बंद करायला सांगितले. दोन दिवसांनी पाडवा होता. पहिल्या बंदीत जे वाकले होते ते दुसऱ्या बंदीत मोडले. कित्येक ट्रक भंगारात गेले. कित्येक घरांच्या मागच्या आवारात रानवेल चढत उभे राहिले. बाजारात, देवळात, लग्नात एकच विचारणे, 'मायन केन्ना सुरू जातली?' डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये लिलावात गेलेल्या खाणीचे काम पुन्हा सुरू झाले तेव्हा हा प्रश्न आणखी आशेने विचारला जाऊ लागला.

खाणी होत्या म्हणून आमची मुले शिकली, हे सावर्ड्याचे लोक सांगतात आणि ते खरे आहे. त्यांना कोणी 'शेतीकडे परत जा' असा सल्ला दिला की मला राग येतो. कोणत्या शेतीकडे? खाणीच्या डंपांवरून पावसात उतरलेल्या गाळाने कित्येक व्हाळ भरले, खालची शेते भरली. पाण्याच्या पातळीखाली खणलेल्या खाणींनी आजूबाजूच्या विहिरी आटवल्या. डिचोली तालुक्यात लईराईच्या शिरगावने याची मोठी किंमत मोजली आहे. कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना, बारमाही झऱ्याचे पाणी लागते, आणि पोफळ लावल्यावर फळ यायला वर्षे लागतात. तिशी-चाळिशीत स्टिअरिंग धरलेल्या माणसाला ते काम येत नाही, त्याच्या पोराला ते नको असते. खाणीच्या काळात जी शेती पडीक राहिली ती आळसाने राहिली असेही नाही. महिन्याला रोकड देणाऱ्या धंद्याशेजारी वर्षाला पीक देणारी शेती कोण करील? माणसे हिशेबी होती, आणि त्यांच्यापुढे मांडलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांचा हिशेब बरोबरच होता. पुढच्या पन्नास वर्षांचा आकडा त्यांच्यापुढे कोणी मांडलाच नव्हता.

इथे कुद्रेमुखची आठवण काढावी लागते. कर्नाटकातल्या घाटावरचे हे गाव लोहखनिजासाठीच वसवलेले. १९७६ साली केंद्र सरकारने कंपनी काढली, इराणच्या शहाच्या पैशावर प्रकल्प उभा राहू लागला आणि इराणात क्रांती होऊन गिऱ्हाईकच गेले. तरी पुढे खाण चालली. राष्ट्रीय उद्यानातल्या या खाणीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल दिला आणि २००५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. खाण त्याप्रमाणे बंद झाली, वसाहत ओस पडली. दुःख तिथेही झाले. पण तिथला कामगार मस्टरवर होता. त्याला तीन वर्षे आधी कळले होते. कोणी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कोणाची मंगळूरच्या कारखान्यात बदली झाली. आणि एक मोठा फरक असा की कुद्रेमुखचे खनिज पाण्यात कालवून साठ-सत्तर किलोमीटरच्या नळीतून मंगळूरला जात होते. कर्ज काढून ट्रक घेतलेली हजारो घरे तिथे तयारच झाली नाहीत. खाण बंद झाली तेव्हा तोटा ज्याच्या मालकीची यंत्रे होती त्या कंपनीच्या माथी आला. सावर्ड्यात यंत्रे दोन प्रकारची होती. खाणीतली पोकलेन आणि डंपर कंपनीचे किंवा मोठ्या कंत्राटदाराचे, आणि रस्त्यावरचे ट्रक गावाचे. धंद्याच्या साखळीतला सगळ्यांत धोक्याचा, धुळीचा, अपघाताचा आणि मंदीत आधी तुटणारा दुवा गावाला 'स्वतःचा व्यवसाय' म्हणून दिला गेला. ट्रकवाला कामगार नव्हता, म्हणून त्याला नुकसानभरपाई नाही. तो भागीदारही नव्हता, म्हणून त्याला नफ्यात वाटा नाही.

म्हणून खाणी पुन्हा सुरू कराव्यात की नाही, यापेक्षा त्या कोणत्या कराराने सुरू होतात याला मी अधिक महत्त्व देतो. गावाने ट्रक घ्यायचे असतील तर ट्रिपांची किमान हमी लेखी हवी, आणि खाण बंद पडली तर उरलेल्या हप्त्यांचा ठरलेला भाग पट्टेदाराने उचलावा अशी अट हवी. भाडे डिझेलशी जसे जोडतात तसे ते खनिजाच्या भावाशीही जोडायला हवे. खनिज एकदाच निघते. त्याची विक्री म्हणजे ठेव मोडणे, आणि मोडलेल्या ठेवीला कोणी उत्पन्न म्हणत नाही. कायमच्या निधीची कल्पना म्हणूनच मला मोलाची वाटते. पण तो निधी राज्याचा. धूळ खाल्लेल्या गावांसाठी २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, आणि गोव्यात त्यांतला पैसा वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला. ज्या गावात विहिरी गेल्या, पोरे ट्रकखाली गेली, त्या गावाच्या ग्रामसभेला विचारून तो का खर्च होत नाही, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

हा गोव्यापुरता विषय राहिलेला नाही. गडचिरोलीत सूरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या, धूळ, खड्डे, अपघात, सगळे सावर्ड्यासारखे. तिथेही एटापल्ली, अहेरीच्या माणसांनी ट्रक घेतले, हॉटेले काढली, खोल्या भाड्याने दिल्या. आता हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिज नळीने नेण्याची सोय झाली आहे. रस्त्यासाठी आणि त्यावरून चालणाऱ्या माणसांसाठी हे चांगलेच आहे. पण ज्यांनी ट्रकांसाठी कर्ज काढले त्यांच्या हप्त्यांचे काय ठरले आहे, हे आज, खाण जोरात असताना, विचारता येते. सावर्ड्याने ते २००८ मध्ये विचारायला हवे होते, आणि तेव्हा त्याच्या बाजूने ते विचारायला आमच्यापैकी कोणी गेले नाही.